आपल्या हाताने दोन ओळी

१० जानेवारी, शनिवार

ही वही माझी आहे, अक्षर नौशीनचं आहे आणि थाप हाफिजाची आहे. पहिल्याच पानावर एवढं स्वच्छ असू दे.

मी कुलसुम बुरोंडकर. वय चौऱ्याहत्तर, तेही पासपोर्ट म्हणतो म्हणून. मला अक्षरओळख नाही. गावची शाळा टेकडीपलीकडे होती आणि बापाच्या जाळ्यातले मासे निवडायला घरात हात लागत होते. मासे थांबत नाहीत. शाळाही थांबली नाही.

दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सच्या या घरात येऊन मला आठ वर्षं झाली. मुलगा रफिक अबुधाबीकडे मुसफ्फ्याला लोखंडाच्या वर्कशॉपवर सुपरवायझर आहे. आठवडाभर तिकडे, जुम्म्याला घरी. त्यामुळे इथे राज्य सुनेचं, हाफिजाचं. नाती दोन. थोरली नौशीन, म्हणजे ही लिहिणारी, सातवीपर्यंत माझ्याजवळ गावी मराठी शाळेत शिकली. आता मरीनात नोकरी करते. धाकटी सुमैय्या चौदाची. तिला मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देते.

आता थाप. नौशीनला परकारांच्या फहदचं स्थळ आलंय. मुलगा इंजिनियर, ऑफिस मरीनातच, नौशीनच्याच इमारतीत. काय योगायोग, मी म्हटलं, तर नौशीनला खोकला आला. अडचण एकच, फहदची दादी. जैबुन्निसाबी. मास्तरांची विधवा. तिने 'हो' म्हटल्याशिवाय त्या घरात कुणी मीठही बदलत नाही. आधीच्या दोन मुली तिने परतवल्या. कारण काय, तर "त्या घरात वाचन-लेखन नाही."

हे ऐकून हाफिजाने फोनवर फहदच्या आईला सांगून टाकलं, "आमच्या अम्मा तर रोज डायरी लिहितात. अक्षर बघाल तर मोती!"

फोन ठेवला तेव्हा तिचाच चेहरा पांढरा. मी म्हटलं, "हाफिजा, अगं, मी दोन भाषांतून कुराणशरीफ लिहिलंय असंही सांगायचंस."

"अम्मा, सॉरी. तोंडातून निघून गेलं. आता काय करायचं?"

पुढच्या शनिवारी ते लोक येणार. तोवर डायरी असायला हवी. म्हणून ही बसली आहे पेन घेऊन.

१२ जानेवारी, सोमवार

वह्या दोन झाल्या. सात दिरहमला हिरव्या वह्यांची जोडी मिळाली, म्हणजे एकशे सत्तर रुपये. गावी तेवढ्यात वर्गाचं भागलं असतं. एक दाखवायची, एक खरी. दाखवायच्या वहीत नौशीनने लिहिलं, "आज हवा छान होती. नमाजनंतर वाचन केलं."

"काय वाचलं मी?"

"ते लिहायचं नाही दादी, मग ती विचारेल."

अशी बेचव डायरी मी तरी लिहिणार नाही, मी म्हटलं. पण या खऱ्या वहीची मला चटक लागली. बोललेलं एरवी हवेत जातं. इथे बसून राहतं. काल बोललेलं आज नौशीन वाचून दाखवते, तेव्हा वाटतं, ही बाई बरी बोलते.

दोन्ही वह्या दिसायला जुळ्या. मला कळावं म्हणून खरीला लाल फीत बांधली आहे. हाफिजाने तीनदा बजावलं, "अम्मा, फीतवाली बाहेर काढायची नाही हां!"

१४ जानेवारी, बुधवार

हाफिजाने फोनवर जैबुन्निसाबीचा फोटो दाखवला. लिही. नाक असं की सुरमई कापावी. मान अशी की जणू बुर्ज खलिफा हिच्याकडे बघून बांधला. हातात भिंग. मास्तरांचं होतं म्हणे, ते ती कायम जवळ ठेवते. नौशीन, हसू नकोस, लिही. तुझ्याच जन्माचा प्रश्न आहे.

शाळेच्या नाटकात सुमैय्याही अशीच एक बाई झाली आहे. राणी व्हिक्टोरियाच्या वेळचं विलायती घर. लेडीसाहेब दांडीचा चष्मा डोळ्याला लावून प्रत्येक नवऱ्या मुलाला कूळ विचारते. भाचा खोटं नाव सांगतो, त्याचा दोस्त खोटं गाव सांगतो, मुलीच्या मास्तरणीचं भलतंच काही गुपित आहे. सगळे सगळ्यांना थापा मारतात, पण चहाला सगळे हजर आणि पाठ ताठ.

सुमैय्या भराभर प्रश्न फेकत होती. मी म्हटलं, "तसं नाही गं. एक प्रश्न विचार आणि गप्प बस. गप्प बसलं की समोरचा आपणच खड्ड्यात उतरतो. आणि ध्यानात ठेव, तुझ्या या लेडीलाही काहीतरी लपवायचं आहे. जो सगळ्यांना विचारत सुटतो, त्याला स्वतःला कुणी काही विचारलेलं नको असतं."

"दादी, दॅट्स नॉट इन द स्क्रिप्ट."

नसेल. लिहिणाऱ्याला सगळंच कळतं असं थोडंच आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

रफिक आला. सगळं ऐकून डोकं धरून बसला. "अम्मा, उद्या कुणी वाचायला दिलं तर?"

त्याला काय ठाऊक. साठ वर्षं मी हेच करत आले. कागद पुढे आला की चष्मा घरी राहिलेला असतो. नाहीतर हात पिठाचे असतात. नाहीतर, "तूच वाच रे बाळा, तुझ्या तोंडून ऐकायला गोड वाटतं." पहिल्या दोन युक्त्या बँकेत चालतात, तिसरी घरात. आजवर पकडले गेले नाही.

पण आजवर त्यात नातीचं लग्न अडकलेलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार, सकाळ

सांदणं वाफवून झाली. मटणाच्या सागुतीचा वास जिन्यापर्यंत गेलाय. हाफिजाने पडदे धुतले, ओलेच लावले. नौशीनने तीन वेळा कपडे बदलले आणि म्हणते मला काय त्याचं. जेवणात वेलची कमी घाल, फहदला चालत नाही, असंही म्हणाली. तुला कसं ठाऊक, विचारलं तर म्हणे बायोडेटात होतं.

असेल. बायोडेटा मी कुठे वाचला?

१८ जानेवारी, रविवार

काल लिहायची ताकद नव्हती. सगळं बुडालं आहे. क्रमाने सांगते.

ते चौघे आले; आईबाप, फहद आणि ती. फहद सरळ वाटला. त्याने मला खाली वाकून सलाम केला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवून इतका खाली बघत राहिला, की माझ्या ध्यानात आलं.

जैबुन्निसाबी मधल्या खुर्चीत बसली. हाफिजाने नौशीनचा बायोडेटा पुढे केला, तर तिने तो न बघताच फहदकडे दिला. "तू वाच रे, तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." फहदने कागदाकडे न बघता घडाघडा म्हणून दाखवला. हुशार मुलगा आहे.

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही रोज लिहिता म्हणे."

आणि गप्प बसली.

बाई गं, मी सुमैय्याला शिकवलेली युक्ती माझ्यावरच! मी खड्ड्यात उतरले. "लिहिते की. आणते ना, बघा," म्हणाले. आत गेले. फळीवर दोन हिरव्या वह्या. फीत कुठल्याच वहीला नाही.

नंतर कळलं, सुमैय्याने ती लेडीच्या टोपीला लावली होती.

नौशीन स्वयंपाकघरात, हाफिजा पाहुण्यांत, बाहेर ती थांबलेली. वरची उचलली, बिस्मिल्ला म्हटलं आणि नेऊन दिली. जैबुन्निसाबीने वही उघडली, शेजारून हाफिजाने पान बघितलं आणि हातातला कप बशीऐवजी बिस्किटांवर ठेवला, तेव्हा मला कळलं.

पहिलं पान. तेच, अक्षर नौशीनचं आणि थाप हाफिजाची. भिंग काढलं आणि वाचू लागली. एवढ्या अदबीने वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. भिंग उजवीकडून डावीकडे, ओळीमागून ओळ, आपण कुराणशरीफवर बोट फिरवतो ना, तसं...

इथे नौशीनने पेन थांबवलं आहे. काय झालं गं? म्हणते, काही नाही दादी, पुढे सांग.

चार पानं तशीच. नाकाचं पानही. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी वही मिटून म्हणाली, "अक्षर मोत्यासारखं आहे. विचारही चांगले आहेत."

विचारही चांगले आहेत! सुरमई कापणारं नाक! मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं, पण आपण पहिल्या मजल्यावर. खालच्यांच्या पलंगावर पडले असते.

जेवून गेले. जाताना तिने माझा हात धरला आणि डोळ्यांत बघून म्हणाली, "आपण पुन्हा बोलू."

१९ जानेवारी, सोमवार

फोन नाही. हाफिजा माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलायला तिला तोंड नाही आणि तिला बोलायला मला.

२१ जानेवारी, बुधवार

फोन आला. होकार आहे. रमजानच्या आधी मंगनी, एकतीस तारखेला आपल्याच घरी.

हाफिजा रडली, शुक्राना पढली, मग मला मिठी मारली. मी विचारलं, "आणि काय म्हणाल्या?"

"त्यांच्याकडे एक वही आहे, अम्मा. त्यांच्या मास्तरांनी सुरू केलेली. घरात सून ठरली की मुलीकडच्या थोरल्या बाईने त्यात आपल्या हाताने दोन ओळी लिहायच्या. बायकांनी लिहावं म्हणून मास्तरांनी घातलेला रिवाज आहे. तो झाला की मंगनी झाली." तिचा आवाज खाली गेला. "सगळ्यांसमोर."

आता कळलं. तिने सगळं वाचलं आणि काहीच बोलली नाही, कारण तिला फोनवर नाही म्हणायचं नव्हतं. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, माझ्या हातात पेन देऊन नाही म्हणायचं आहे. सुरमईसुद्धा अशी सावकाश कापत नाहीत.

नौशीनला म्हटलं, "तुझं नशीब मी माझ्या जिभेने घालवलं."

ती म्हणाली, "दादी, कदाचित तिने वाचलं नसेल."

"चार पानं भिंग फिरवलं तिने! मी काय आंधळी आहे?"

ती गप्प झाली. हल्ली ही माझ्यासमोर फार गप्प होते.

२५ जानेवारी, रविवार

चार दिवस अक्षरं गिरवते आहे. नौशीन संध्याकाळी ऑफिसातून आली की शेजारी बसते आणि माझा हात धरून फिरवते. "न. खाली काना नाही दादी, बाजूला." सुरमई साफ करताना हा हात कधी चुकला नाही; पेन धरलं की भलत्या माणसाचा होतो. 'नौशीन' या तीन अक्षरांपुरतं जमलं तरी बास, म्हटलं. जमलं नाही. एक मोडकं होडकं, एक माशाचा काटा आणि एक काहीच नाही.

एवढी वर्षं मी या गोष्टीवर हसून वेळ मारून नेली. आज पहिल्यांदा रडू आलं. नौशीन, हे लिहू नकोस.

लिहिलंस ना? बरं, राहू दे.

३० जानेवारी, शुक्रवार

रफिक म्हणतो, खरं सांगून टाकू. हाफिजा म्हणते, आता सांगितलं तर खोटारड्यांचं घर म्हणतील, स्थळ गेलं, खलास. दोघांचंही खरं आहे, हीच पंचाईत. शेवटी ठरलं, उजव्या हाताला पट्टी बांधायची. तव्यावर भाजला म्हणायचं. दोन ओळी नंतर लिहून पाठवू म्हणायचं.

नौशीनला विचारलं, "तुला तो फहद इतका हवा आहे का?"

तिने मान खाली घालून आज पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. "हो. दोन वर्षं झाली, दादी."

दोन वर्षं! आणि मी योगायोग म्हणत होते. म्हणजे या घरात मी एकटीच थाप मारत नव्हते. विलायती नाटकात एवढे लोक नसतील.

दोन वर्षांची गोष्ट माझ्या दोन ओळींवर टांगली आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

काल झालं ते सांगते. एकही शब्द गाळायचा नाही.

हॉल भरलेला. त्यांची वीस माणसं, आपली पंधरा, चपला लिफ्टपर्यंत. अंगठी झाली, मिठाई झाली. मग जैबुन्निसाबीने पिशवीतून वही काढली. जुनी, कापडी बांधणीची. पेन ठेवलं वर.

मी पट्टी पुढे केली. "काय सांगू, विहीणबाई. तव्यावर भाजला."

हाफिजा लगेच, "हो ना, नंतर लिहून पाठवतील अम्मा, इन्शाल्ला."

"अरे अरे," जैबुन्निसाबी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात फहदची आई बोलली, भोळी बाई, "डाव्या हाताने लिहा ना! अक्षर कसंही चालेल. अम्मा सगळं वाचतात, भिंग आहे ना त्यांच्याकडे."

जैबुन्निसाबीने सुनेकडे असं बघितलं, की तसं मी माझ्या सुनेकडेही कधी बघितलं नाही. वही माझ्या पुढ्यात सरकवली.

पस्तीस माणसं. फहद उभा, हाताच्या मुठी आवळलेल्या. नौशीन मेंदीच्या हातांकडे बघत बसलेली. मनात आलं, डाव्या हाताने खोटं लिहायचं तर उजव्यानेच लिहू. पट्टी सोडली. सगळ्यांनी बघितलं की हात धडधाकट आहे. आता परतीची वाट नव्हती. पेन धरलं. होडकं आठवलं, काटा आठवला, पुढे अंधार. तरी हात थांबवला नाही. दोन ओळी भरेपर्यंत ओढत गेले, वर-खाली, गोल, आडव्या. समुद्राच्या लाटा लहान मूल काढतं, तशा.

वही तिच्या हातात दिली आणि डोळे मिटले. आता बोल बाई. काप.

भिंगाची दांडी वहीला लागल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, जरा कापरा:

"'नौशीन आमच्या घरातला दिवा आहे. तुमच्या ओटीवर ठेवते, वाऱ्यापासून जपा.'"

घरभर वाह वाह. कुणीतरी सुबहानल्ला म्हटलं. माझा रफिक, ज्याला सगळं ठाऊक, तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी डोळे उघडेपर्यंत तिने वही मिटून पिशवीत कोंबलीसुद्धा. फहदचे वडील म्हणाले, "बघू तरी." ती म्हणाली, "निकाहला. आता जेवायला चला, यल्ला."

जेवणानंतर मी तिला आतल्या खोलीत गाठलं. दार लावलं, तिचे दोन्ही हात धरले. "जैबुन्निसाबी, मी तुमच्या नाकाला नको ते म्हटलं, तुम्ही ते वाचलंत, आणि तरी आज भरल्या घरात माझी लाज राखलीत. नसलेलं वाचून दाखवलंत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नसलेलं?"

"मला लिहिता येत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

ती पलंगावर बसली. धपकन. "तुम्हाला लिहिता येत नाही?"

"एक अक्षर नाही."

"आणि मी," ती म्हणाली, "तुम्ही एवढं काय लिहिलं असेल या भीतीने घामाघूम झाले. आठ दिवस आधीपासून दोन ओळी पाठ करून ठेवल्या होत्या. त्याच म्हटल्या."

मला कळायला वेळ लागला. चष्मा घरी. तूच वाच रे. भिंग. माझ्याच सगळ्या युक्त्या माझ्यासमोर खुर्चीत बसून सागुती खाऊन गेल्या आणि मी त्यांना ओळखलं नाही.

"मास्तरांनी नाही शिकवलं?"

"मास्तरांनी गाव शिकवलं. घरी आल्यावर दमलेले असायचे. आणि मास्तरांच्या बायकोला येत नाही, हे सांगायचं कुणाला? त्यांना वाटायचं मी हळूहळू आपली शिकलेच. त्या भोळ्या माणसाने वर हा रिवाज काढला." तिने भिंग पदराने पुसलं. "त्या आधीच्या दोन मुली चांगल्या होत्या हो. पण दोन्ही घरांत त्यांनी मला कागद हातात दिला आणि म्हणाले, मोठ्याने वाचा. तुमच्या घरात कुणी तसं म्हटलं नाही."

मी तिच्या शेजारी बसले. बाहेर ताटं वाजत होती. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी वहीत माझ्या नाकाबद्दल काय होतं?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की कवळी हातात धरावी लागली.

आज सकाळी नौशीनला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"भिंग उजवीकडून डावीकडे फिरलं म्हणालीस, तेव्हाच कळलं. मराठी तशी वाचत नाहीत, दादी."

"मग बोलली का नाहीस? दहा दिवस मी झिजले!"

"तुझं मी कधी कुणाला सांगितलं? फहदलाही नाही. मग त्यांचं कसं सांगू? मी जाणार त्यांच्याच घरी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर दोन्ही दाद्यांपेक्षा शहाणी निघाली, हेही लिहून ठेव.

आणखी एक लिही. निरोप आलाय. जैबुन्निसाबीलाही एक वही हवी आहे. नौशीन तिकडे गेली की रोज थोडं सांगेन म्हणते, अगदी पहिल्यापासून. तर ही पोर आता दोन म्हाताऱ्यांचं लिहिणार. हिरवीच वही आण, जुळी. फीत नको, फितीचा भरवसा नाही.

आणि ती माझ्याबद्दल जे काही सांगेल, ते मला वाचून दाखवायचं नाही.

थांब. तेवढंच दाखव.